न अडखळता म्हटलेली चार वाक्यं

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो मागाच्या आवाजानं. बाहेरच्या खोलीत जमिनीत खड्डा करून हातमाग बसवलेला होता. त्या खड्ड्यात पाय सोडून बाबा बसत, धोटा इकडून तिकडे पळे आणि फणी आपटे. खट्-ठक, खट्-ठक. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास घरभर असे, इतका की दुसऱ्याच्या घरी गेलं की तिथं काहीतरी कमी आहे असं वाटे. मागच्या पडवीत माय रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसे. या दोघांच्या मधल्या उंबऱ्यावर मी, मांडीवर पुस्तक आणि हातात ताकात कुस्करलेल्या शिळ्या भाकरीची वाटी. पाठांतर मी मागाच्या ठेक्यातच करी. 'कर्कवृत्त हिंदुस्थानच्या मध्यातून जाते', खट्-ठक. 'नर्मदा नदी पश्चिमेकडे वाहते', खट्-ठक. दोनदा म्हटलं की मला कुठलंही पान पाठ होई, आणि एकदा पाठ झालं की ते पुन्हा जात नसे.

बाबांना अक्षरओळख नव्हती. पण सूत आणायला, लुगडी न्यायला कुणी आलं की ते माग थांबवून हाक मारत, "म्हण वं शकू, थे मोगलांचं म्हण." मी दोन्ही हात मागे बांधून उभी राही आणि अडखळल्याशिवाय म्हणून दाखवी. आलेला माणूस मान डोलवी, बाबांचा चेहरा फुलून जाई. माय मात्र रहाट थांबवत नसे. एकदा तिनं तिथूनच विचारलं, "हे कर्कवृत्त कोठी हाय वं?"

"पुस्तकात," मी म्हणाले.

"पुस्तकात हाय, तं देशाच्या मध्यातून जाते कसं?"

मला राग आला. मायला काय कळतं, असं मी मनात म्हटलं. तो राग आठवला की आजही मान खाली जाते.

आमच्या मोहल्ल्यातून नागपूरच्या महाल भागातल्या मुलींच्या शाळेत जाणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि इंदू. इंदूचं घर आमच्यापासून तिसरं. तिच्या घरीही माग होता. ती सहावीत एकदा नापास झाली होती, आणि तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, की आणखी एकदा घसरलीस तर दप्तर खुंटीला टांगायचं आणि रहाटावर बसायचं. वर्गात ती शेवटच्या बाकावर असे. तिला काही पाठ होत नसे. दुसरं वाक्य आलं की पहिलं तिच्या हातून सुटे. रस्त्यानं जाता-येता मी तिच्याकडून धडे म्हणून घेई, एक शब्द चुकला तरी थांबवी आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावी. आपण तिला मदत करतो आहोत असं मला मनापासून वाटे.

सातवीत आम्हाला सरवटे बाई आल्या. जबलपूरकडच्या, बारीक अंगाच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, चालताना किंचित पुढे वाकलेल्या. त्यांची नेमणूक एका रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी होती, वर्षाअखेरी शाळा त्यांना कायम करील किंवा करणार नाही. इथं त्यांना आपलं कुणी नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. पहिल्याच दिवशी मी सवयीनं हात मागे बांधून धडा म्हणायला उभी राहिले. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. आता पुस्तक विसर आणि इंदूला समजेल असं सांग."

मी पुन्हा तेच म्हटलं. दुसरं माझ्याजवळ काही नव्हतंच.

बाईंची रीत आम्हाला चमत्कारिक वाटे. गणित सोडवायच्या आधी, आपल्याला काय माहीत आहे आणि विचारलं काय आहे, हे दोन ओळींत लिहायचं. उत्तर आलं की त्या बरोबर म्हणत नसत, चूकही म्हणत नसत, फक्त विचारत, "कशावरून?" मुलींनी त्यांचं नावच 'कशावरून बाई' पाडलं. शिवाय वहीचं डावं पान कोरं ठेवायचं. उजव्या पानावर चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारायची, आणि चुकताना आपल्या डोक्यात काय चाललं होतं ते डाव्या पानावर लिहायचं. इंदूचं डावं पान गच्च भरलेलं असे. माझं रिकामं. मला त्या रिकाम्या पानांचा अभिमान होता.

एक दिवस बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं. एक बाई एक ढीग कांड्या तीन तासांत भरते, दुसरीला तेवढ्याच ढिगाला सहा तास लागतात. दोघी मिळून बसल्या तर एक ढीग भरायला किती वेळ लागेल? मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. "साडेचार तास."

"कशावरून?"

"तीन आणि सहा नऊ. नवाला दोननं भागलं."

"का भागलं?"

"दोघी आहेत म्हणून. तशी उदाहरणं असतात, बाई."

मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. इंदू पदराला तोंड पुसत म्हणाली, "बाई, एकटीले तीन तास लागतात, अन् मदतीले दुसरी आली तं साडेचार? थे मदत करून राहिली का भांडून राहिली?"

सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. त्या हसण्यात मला हिणवण्यासारखं काही नव्हतं, हे आज कळतं. त्या दिवशी माझे कान तापले होते.

घरी आल्यावर मी तेच गणित मायपुढे टाकलं, खरं तर तिलाही येऊ नये म्हणून. मायनं रहाट थांबवला, हे तिच्याकडून क्वचितच होई. ती छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सहा तास दोघी बसल्या असं धर. मी दोन ढीग भरन, थे दुसरी एक. तीन ढीग झाले ना? सहा तासांत तीन. मंग एकाले दोन तास." आणि तिनं रहाट पुन्हा फिरवायला घेतला. मला आनंद व्हायला हवा होता. ज्या बाईला सही करता येत नव्हती तिनं माझ्या डोळ्यांपुढे, काही न लिहिता, एक अवघड गणित उकलून दाखवलं होतं. पण मला वाटलं, माझ्याजवळ जे एकच होतं ते कुणीतरी काढून घेतलं. मी आतल्या खोलीत जाऊन धान्याच्या कणगीला टेकून रडले. त्या दिवशी अंबाडीची भाजी होती, माझी आवडती, ती मी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "साडेचार उत्तर काढताना मनात काय चाललं होतं, ते डाव्या पानावर लिही." मी लिहिलं, 'माझे लक्ष नव्हते.' बाईंनी खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'लक्ष होतं. पुन्हा बघ.' मी पुन्हा बघितलं नाही.

सहामाहीत गणितात इंदू पहिली आली. मी तिसरी. ती धावत माझ्याकडे आली आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "शकू, बाबा आता मले आठवीत जाऊ देतात म्हणे!" मी हसले. मला हसता आलं, हेच मला नवल वाटतं. बाबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, की या बाई नीट शिकवत नाहीत.

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, उभा जन्म खडूच्या धुळीत गेला. माझ्या वर्गात एखादं मूल फार सफाईनं उत्तर देऊ लागलं की मी त्याला मध्येच थांबवून काही वेडंवाकडं विचारी. पालकांना वाटे, बाई हुशार मुलांच्या मागे लागतात. त्यांना कारण कसं सांगणार?

बाईंच्या विरुद्ध कुजबुज सुरू झाली ती आमच्या वर्गातल्या कुसुममुळे. तिचे वडील शाळेच्या कमिटीवर होते. घरी तिच्यासाठी स्थळ आलं होतं. मुलगा फार सुस्वभावी आहे असं वडील म्हणाले, तर कुसुमनं विचारलं, "कशावरून?" तिला थोबाडीत बसली, आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील काठी टेकत मोठ्या बाईंच्या खोलीत आले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या वाईट नव्हत्या. शाळा काढताना त्यांनी दारोदार फिरून मुली जमवल्या होत्या, आणि एका घराचा विश्वास गेला की दहा घरं मुली काढून घेतात हे त्यांनी पाहिलं होतं. त्या भीत होत्या. हे मला त्यांच्या वयाची झाल्यावर समजलं.

त्यात शाळातपासणी आली. साहेब आमच्या वर्गात आले. मला उभं केलं गेलं आणि मी नद्या, पर्वत, पिकं सगळं घडाघडा म्हटलं. साहेब खूश झाले. निघता निघता ते सहज म्हणाले, "मुलींनो, तुम्ही भाग्यवान. आपलं नागपूर हिंदुस्थानच्या अगदी मध्यभागी आहे." तर मागून इंदूचा आवाज आला, "कशावरून, साहेब?"

तिच्या मनात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. साहेब थबकले, हसले, मग हसायचे थांबले. मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. सरवटे बाईंनी इंदूला खाली बस म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण त्या म्हणाल्या, "साहेब, मध्य कसा शोधायचा, हे मुलींना विचारू या का?" साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते पुढच्या वर्गात गेले.

तीन दिवसांनी मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. कुसुमचे वडील तिथं बसलेले. मोठ्या बाईंनी मला चक्क खुर्चीवर बसायला सांगितलं. "शकुंतला, तू या शाळेची अब्रू आहेस," त्या म्हणाल्या. "शनिवारी कमिटी बसणार आहे. तिथं वर्गाच्या वतीनं तुला चार वाक्यं बोलायची आहेत." त्यांनी ती कागदावर लिहून दिली. सरवटे बाई पाठांतर घेत नाहीत. नेमलेले धडे पुरे करत नाहीत. वडीलधाऱ्यांना उलट विचारायला शिकवतात. त्यामुळे आमचे नुकसान होत आहे.

पहिलं वाक्य खरं होतं. ते खरं असल्यामुळे उरलेली तीन त्याच्यामागून सहज आत शिरली. मी कागद घरी नेला आणि उंबऱ्यावर बसून, बाबांच्या मागाच्या ठेक्यात, ती चार वाक्यं पाठ केली. दोन वेळा पुरल्या. बाबांनी विचारलं, "काय पाठ करून राहिली वं?" मी म्हणाले, "शाळेचं."

शनिवारी कमिटीच्या खोलीत एका बाजूला चार पुरुष, शेजारी मोठ्या बाई, आणि भिंतीशी सरवटे बाई. मी हात मागे बांधले आणि चार वाक्यं म्हटली. खोलीत पंखा कुरकुरत होता, त्याच्यावर माझा आवाज स्पष्ट आला. मग सरवटे बाई बोलल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, वर्गात विचारत तसा. "शकुंतला, कोणता धडा राहिला?"

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"बरं. नुकसान झालं म्हणालीस. तुझं काय नुकसान झालं, ते सांगशील?"

माझ्या तोंडातून शब्द आले ते हे, "सरवटे बाई पाठांतर घेत नाहीत. नेमलेले धडे पुरे करत नाहीत..." मी पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, त्याच चालीवर. चारांपैकी एक म्हातारे गृहस्थ खाली पाहू लागले. सरवटे बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्या घाबरल्यासारख्या दिसल्या. माझ्यासाठी घाबरल्यासारख्या.

सोमवारी त्या आल्या नाहीत. वर्गावर दुसऱ्या बाई आल्या आणि धडे म्हणून घेऊ लागल्या. इंदू दोनदा छड्या खाऊन तिसऱ्या दिवशी आलीच नाही. मायला सगळं कळलं ते इंदूच्या आईकडून, नळावर. ती घागर घेऊन आली, घागर खाली ठेवली, आणि ओल्या पदरानिशी माझ्यासमोर बसली.

"थे जे तू बोलली, खरं होतं?"

"मोठ्या बाईंनी लिहून दिलं होतं."

"मी थे नाही विचारलं."

बाबा माग थांबवून म्हणाले, "पोरीले काहून छळून राहिली? मोठ्या लोकांनी सांगतलं, तिनं सांगतलं." माय त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "तुमी विणा." तिनं बाबांना असं बोललेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. बाबांनी धोटा हातात घेतला, पण माग चालू केला नाही. ती शांतता मला सहन होईना. "नव्हतं," मी म्हणाले. "सगळं नव्हतं."

माय उठली. फडक्यात थोडे सांडगे बांधले आणि मला घेऊन निघाली. सरवटे बाई सदर भागात एका बंगल्याच्या मागच्या खोलीत राहत. आमच्या मोहल्ल्यातून तिथवर आम्ही उन्हातून चालत गेलो. माय वाटेत एक शब्द बोलली नाही. बाई ट्रंकेत पुस्तकं भरत होत्या, जबलपूरला भावाकडे जायचं ठरलं होतं. त्यांनी मायला चटईवर बसवलं, पाणी दिलं. मी दारातच रडायला लागले.

"रडणं मग," बाई म्हणाल्या. "आधी सांग. क्रमानं सांग, मध्ये काही गाळू नकोस."

मी सांगितलं. खुर्ची, कागद, कुसुमचे वडील, सगळं. बाई मध्ये मध्ये फक्त 'मग?' म्हणत. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि तू का म्हटलंस?"

"मोठ्या बाईंनी सांगितलं म्हणून."

"ते त्यांचं कारण झालं. तुझं सांग."

"भीती वाटली."

"कशाची? तुला कुणी धमकावलं?"

कुणीच धमकावलं नव्हतं. मी उभी राहिले. बाई थांबल्या, माय थांबली, बाहेर बंगल्याचा माळी झाडांना पाणी घालत होता त्याचा आवाज येत राहिला. मला वाटतं, माझ्या आयुष्यातला पहिला विचार मी त्या दारात केला. तो वर यायला फार वेळ लागला आणि वर आला तेव्हा मला त्याची किळस आली. "इंदू माझ्यापुढे गेली," मी म्हणाले. "ती पहिली आली. तुम्ही नसता तर ती आली नसती."

मायनं डोळ्यांना पदर लावला. बाईंनी हातातलं पुस्तक ट्रंकेत ठेवलं. "हे खरं बोललीस," त्या म्हणाल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. जवळही घेतलं नाही. सांडगे मात्र ठेवून घेतले आणि मायला विचारून घेतलं, की ते किती दिवस टिकतात.

दुसऱ्या दिवशी मायबरोबर जाऊन मी मोठ्या बाईंना सांगितलं, की मी खोटं बोलले. या वेळी मला काही पाठ नव्हतं. शब्द मागेपुढे झाले, दोनदा थांबले. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि दार लोटून म्हणाल्या, "आता याचा उपयोग नाही. आणि हे बाहेर बोलू नका, शाळेचं नाव जाईल." माय म्हणाली, "बाई, शाळेचं नाव गेलं तं शाळा पाहीन. पोरीचं गेलेलं कोण आणून देईन?" आणि माझा हात धरून बाहेर आली. सरवटे बाई गेल्या त्या गेल्या. पुढे मी जबलपूरला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. पत्ता बरोबर होता की नाही, तेही मला कळलं नाही.

राहिली इंदू. तिच्याकडे जायला मला आठ दिवस लागले. ती पडवीत रहाटावर बसली होती, दप्तर खुंटीला होतं. मी तिला सांगितलं, की त्या दिवशी कमिटीपुढे मी बोलले. का बोलले तेही सांगितलं. ती रहाट फिरवत होती. मला वाटलं, ती भांडेल, मारेल, निदान रडेल. मग मी म्हणाले, मी रोज दुपारी येईन, आपण दोघी बाईंसारखंच करू, सातवीची परीक्षा तू बाहेरून दे.

"बाबा नाही म्हणतात," ती म्हणाली. "उमरेडचं स्थळ हाय. वैशाखात करून टाकतो म्हणतात."

तरी मी जात राहिले. वैशाखापर्यंत ती रहाट फिरवता फिरवता गणितं सोडवी, तोंडीच, आणि मी वहीत उतरवी. ती माझ्यापेक्षा चांगली सोडवी, हे मी तिला दर वेळी सांगे, आणि ती 'हो' म्हणे. लग्नाच्या आदल्या दुपारी, हळद लागलेल्या हातांनी तिनं शेवटचं गणित सोडवलं. मी उठले तेव्हा ती पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलली.

"मी दाराबाहेर उभी होती, शकू," ती म्हणाली. "कमिटीच्या खोलीच्या. बाईंनी मले संगं आणलं होतं, गरज पडली तं विचाराले. कोणी मले बलावलं नाही." तिनं रहाटाची दोरी नीट केली. "दोनदा म्हटलं तू. एक शब्द बी नाही चुकली."